रुमाल टाकून जागा धरणारी यंत्रं

हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्याच वायफाय सेटिंगमध्ये जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवा. तपशिलात कुठेतरी आयपी ॲड्रेस दिसेल. घरी असाल तर तो बहुतेक १९२.१६८ ने सुरू होत असेल. जिओफायबर असेल तर तिसरा आकडा बहुधा २९, इतर राउटरवर बऱ्याचदा ० नाहीतर १. आता शेजारच्या घरात विचारा. त्यांचाही जवळपास तोच निघेल. तरी दोन्ही घरांत रील्स व्यवस्थित चालतात, कारण हे पत्ते घरापुरते असतात. 'मारुतीच्या देवळासमोर' हा पत्ता महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात चालतो, तसंच. गावातल्या पोस्टमनला तेवढं पुरतं. घोटाळा होतो तो दोन गावांची वेस एक झाल्यावर. मग मारुती दोन, देवळं दोन, आणि पत्र कुणाचं ते कुणालाच कळत नाही.

संगणकाच्या पोटात संगणक चालवणाऱ्यांच्या बाबतीत ही वेस रोज एक होते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर किंवा सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. तो एकटा असून उपयोग नाही, त्याला बाहेर बोलायचं असतं. म्हणून ज्या सॉफ्टवेअरने त्याला जन्म दिला तेच आत एक छोटं नेटवर्क उभारतं आणि त्याला पत्त्यांचा एक पट्टा देतं. त्या पट्ट्याला सबनेट म्हणतात. कोणता पट्टा? हे बहुतेक वेळा तुम्हाला कुणी विचारत नाही. यंत्र स्वतःच ठरवतं. यंत्राने ठरवावं याला माझी हरकत नाही, उलट तेच व्हायला हवं. पण आज ते ज्या तऱ्हेने ठरवलं जातं ती तऱ्हा चुकीची आहे, आणि तिचा भुर्दंड त्या निर्णयाची गंधवार्ताही नसलेली माणसं भरतात.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका प्रशिक्षण संस्थेत लिनक्स शिकवायचो. बावीस जणांची बॅच. एका मोठ्या सर्व्हरवर प्रत्येकाला एकेक व्हीएम दिलेलं. मुलं आधी सर्व्हरवर लॉगिन करायची आणि तिथून एसएसएचने आपापल्या मशीनमध्ये जायची. पाठ होता व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे व्हीएमच्या आत आणखी एक व्हीएम चालवून बघायचं. मशीनचा साचा मी घरी, माझ्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअलबॉक्समध्ये तयार केला होता. लागणारी पॅकेजं त्यात आधीच घालून ठेवली, म्हणजे वर्गात डाउनलोडची रड नको.

धड्याची पहिली पायरी साधी होती: लिबव्हर्ट ही सेवा मशीन सुरू होताना आपोआप चालू होईल असं करा आणि रीस्टार्ट करा. बावीसपैकी नऊ मशीनं परत आलीच नाहीत. सुरू तर होत होती, पण एसएसएच लागत नव्हतं. काहींनी साच्यातून नवं मशीन काढून पुन्हा केलं, तेव्हा जमलं. मंगळवेढ्याहून आलेल्या एका मुलीचं तिन्ही वेळा मेलं. मी वर्गासमोर तिला विचारलं, "फायरवॉलला हात लावलास का?" तिने नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं. बाकीच्यांचं चालतंय म्हणजे हिनेच काहीतरी टंकलंय, असा माझा हिशेब. आठवड्याच्या शेवटी भरायच्या फॉर्मवर तिच्या नावापुढे मी लिहिलं: सूचना नीट पाळत नाही.

शनिवारी रिकाम्या लॅबमध्ये बसून मी तिचं मशीन कन्सोलवरून उघडलं. तिने शब्दशः माझ्या सूचना पाळल्या होत्या.

झालं होतं ते असं. लिबव्हर्टचं ठरलेलं नेटवर्क म्हणजे १९२.१६८.१२२.०/२४. आमच्या सर्व्हरवरही लिबव्हर्टच होतं, त्यामुळे मुलांच्या मशीनना १९२.१६८.१२२ मधलेच पत्ते मिळत होते, आणि त्यांचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, होतं १९२.१६८.१२२.१. आता त्या मशीनच्या आतलं लिबव्हर्ट जागं झालं आणि त्यानेही आपला पूल बांधून स्वतःला पत्ता घेतला: १९२.१६८.१२२.१. म्हणजे मशीनच स्वतःचा गेटवे झालं. सर्व्हरकडून पॅकेट आलं की त्याला वाटे, हा पत्ता तर माझाच, हे पॅकेट खोटं दिसतंय. उत्तर बाहेर पडायचंच नाही. गावाबाहेर जायचा रस्ता विचारला तर प्रत्येकाने स्वतःच्याच घराकडे बोट दाखवावं, अशी गत.

मग तेरा जणांचं कसं चाललं? लिबव्हर्ट इतकं आंधळं नाही. नेटवर्क सुरू करण्याआधी ते बघतं की हा पट्टा एखाद्या इंटरफेसवर आधीच आहे का. असेल तर नेटवर्क सुरू करायला नकार देतं. ज्यांच्या मशीनला बाहेरून पत्ता आधी मिळाला, तिथे आतलं नेटवर्क निमूट बंद राहिलं आणि एसएसएच चाललं. जिथे आतला पूल आधी उभा राहिला, तिथे मशीन मेलं. दोन सेवांमधली काही क्षणांची शर्यत. तिच्या वाट्याला तीनदा हरणारी बाजू आली, एवढाच तिचा गुन्हा.

आणि साचा बनवताना घरी काही कसं दिसलं नाही? यातच सगळी गोम आहे. काही लिनक्स वितरणांत लिबव्हर्टचं पॅकेज बसतानाच आजूबाजूला बघतं. रूटिंग टेबलमध्ये १२२ दिसला तर पुढचा मोकळा आकडा उचलतं. आमचं पॅकेज त्यातलंच होतं. पण व्हर्च्युअलबॉक्स आपल्या नॅटमधल्या मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता देतं. (दुसऱ्या मशीनलाही १०.०.२.१५ च देतं, तिसऱ्यालाही. प्रत्येकाला वाटतं जगात आपण एकटेच.) त्यामुळे माझ्या घरी पॅकेजने इकडेतिकडे पाहिलं, १२२ मोकळा दिसला, आणि प्रामाणिकपणे तो घेतला. त्या क्षणी, त्या जागी, ते अगदी बरोबर होतं. साचा सर्व्हरवर गेल्यावर चूक ठरलं.

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत आठवा. रुमाल टाकताना सीट रिकामी होती हे खरंच असतं. पण गाडी पुढच्या स्टँडवर गेल्यावर तिथे कोण चढणार, कुणाचं आरक्षण आहे, हे रुमालाला काय ठाऊक? 'मोकळा सबनेट' असा काही पदार्थ अस्तित्वात नाही. असतो तो फक्त 'आत्ता, इथून बघता मोकळा दिसणारा' सबनेट. लॅपटॉप तर फिरण्यासाठीच बनलेला. सकाळी घरी, दुपारी ऑफिसच्या व्हीपीएनवर, संध्याकाळी कॅफेत. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नेटवर्कशी गाठ. घरी बसून केलेली तपासणी त्यातल्या एकाच ठिकाणाबद्दल काही सांगते.

या प्रकारचं गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे, व्हीएमचं नसून कंटेनरचं, पण निवडीची रीत तीच. डॉकर पहिलं नेटवर्क १७२.१७ वर उभारतं आणि पुढची १७२.१८, १७२.१९ अशी रांगेने, मोकळा दिसेल तो घेत. तिथल्या वेगवान आयसीई गाड्यांमधलं वायफाय १७२.१८ याच पट्ट्यात होतं. घरी डॉकरने १७२.१८ घेऊन ठेवलेला लॅपटॉप गाडीत उघडला की वायफाय जोडलेलं दिसायचं, पान मात्र उघडायचं नाही. गाडीचा गेटवे लॅपटॉप आपल्याच पोटात शोधत बसायचा. कित्येक प्रोग्रामरांनी रेल्वेच्या वायफायला शिव्या घातल्या असतील. दोष तिचा नव्हता. तिनेही यादीतला एक पट्टा उचलला होता, इतकंच.

आता या निवडीच्या तऱ्हा बघू. पहिली: सगळ्या जगाला एकच ठरलेला पट्टा. लिबव्हर्टचा १२२, व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्लीचा १९२.१६८.५६, ॲमेझॉनच्या क्लाउडवर प्रत्येक खात्यात तयार मिळणाऱ्या नेटवर्कचा १७२.३१.०.०/१६. या तऱ्हेचे समर्थक म्हणतात, आकडा सगळ्यांना माहीत असतो, मग ऑफिसच्या नेटवर्कवाल्याने तो टाळावा. ऐकायला ठीक. पण टाळायच्या आकड्यांची यादी दर नव्या साधनाबरोबर वाढते, आणि ती पाळायची जबाबदारी ज्याने ते साधन बसवलंच नाही त्याच्यावर. शिवाय व्हीएमच्या आत व्हीएम आलं की हा युक्तिवाद जागेवरच आडवा होतो. तिथे टक्कर योगायोगाने होत नाही, ती रचनेतच लिहिलेली असते. ॲमेझॉनचं तर स्पष्टच आहे: एकमेकांत शिरणारे पट्टे असलेली दोन नेटवर्कं थेट जोडता येत नाहीत. म्हणजे दोघांनी आपापलं तयार नेटवर्क जसंच्या तसं वापरलं, आणि दोन वर्षांनी दोन टीम एकत्र आल्या, की मशीनं एकेक करून हलवत बसा.

दुसरी तऱ्हा रुमालाची: बघा, पहिला मोकळा दिसेल तो घ्या. व्हीएमवेअरची जुनी लिनक्सवरची बसवणारी स्क्रिप्ट निदान विचारायची तरी, की मोकळा खासगी सबनेट शोधू का? हो किंवा नाही सांगा. आता तेवढीही सभ्यता दुर्मिळ. पण विचारलं तरी 'पहिला मोकळा' यात खोट आहेच. माणसंसुद्धा रांगेतूनच निवडतात. शून्य, एक, दहा, शंभर. यंत्रानेही रांगेतून निवडलं की सगळी गर्दी रांगेच्या तोंडाशीच. दादरला पहिल्याच डब्यात शिरायचं आणि वर गर्दी आहे म्हणून ओरडायचं, असा प्रकार.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत चीड आणणारी: दर वेळी नव्याने निवडा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून हायपर-व्हीमध्ये 'डिफॉल्ट स्विच' आला. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की त्याचा पट्टा बदलू शकतो, आणि हायपर-व्हीच्या सेटिंगमध्ये तो कायमचा बांधून ठेवायची जागाच नाही. टक्कर टाळण्यासाठी हे केलंय, हेतू समजतो. पण काल व्हीएमला दिलेला पक्का पत्ता आज कुचकामी, होस्ट्स फाइलमध्ये लिहिलेली ओळ खोटी, फायरवॉलचा नियम भलत्याच दाराशी उभा. पाहुण्याला रोज नव्या लॉजवर उतरवायचं आणि सकाळी त्याच्या नावाने गल्लोगल्ली हाका मारायच्या. याला आदरातिथ्य म्हणत नाहीत.

आणि गंमत अशी की उत्तर १९९६ पासून लिहून ठेवलेलं आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आरएफसी १९१८ हा दस्तऐवज आला. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखीव आहेत ते त्याच्यामुळे. हे तीन पट्टे क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. त्याच दस्तऐवजातली एक शिफारस मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसते: पुढेमागे दोन संस्थांची नेटवर्कं जोडायची वेळ आली तर पत्ते आदळू शकतात, म्हणून राखीव पट्ट्यातून आपला तुकडा यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारखा निवडा. आयपी आवृत्ती ६ साठी २००५ मध्ये आरएफसी ४१९३ आला, त्यात तर ही शिफारस नियम झाली. खासगी पट्ट्यातले ४० बिट यादृच्छिकच हवेत, क्रमाने वाटायचे नाहीत. ४० बिट म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता.

जुन्या पत्त्यांत इतकी ऐसपैस जागा नाही, पण आहे तीसुद्धा आपण वापरत नाही. १९२.१६८ मध्ये /२४ आकाराचे फक्त २५६ तुकडे बसतात. १० च्या पट्ट्यात बसतात ६५,५३६. समजा तुमच्या ऑफिसने त्यातले ३०० तुकडे कुठेकुठे वापरलेत. तुमच्या लॅपटॉपने १० मधून चिठ्ठी टाकून एक तुकडा उचलला, तर तो या ३०० पैकी निघण्याची शक्यता हजारात पाचहून कमी. उरलेल्या वेळा ऑफिसने अख्खा १० चा पट्टा आपल्याकडे वळवला असला तरी बिघडत नाही. रूटिंगमध्ये जास्त नेमका पत्ता जिंकतो, म्हणून तुमचा छोटा तुकडा तुमच्यापाशी राहतो आणि बाकीचं सगळं ऑफिसकडे जातं. ठरलेल्या आकड्याचा हिशेब याउलट. ऑफिसने नेमका तोच पट्टा घेतला असेल तर तिथला प्रत्येक लॅपटॉप एकाच दिवशी आदळणार.

हे स्वप्नरंजन नाही. एलएक्सडी पहिल्यांदा मांडताना पत्त्याच्या प्रश्नाला 'ऑटो' असं उत्तर दिलं की ते १० च्या पट्ट्यातून एक यादृच्छिक तुकडा उचलतं, तो आपल्या नोंदीत लिहून ठेवतं आणि पुढे तोच वापरतं. तुमच्या खिशातला अँड्रॉइडही शहाणा झालाय. त्याचा हॉटस्पॉट कित्येक वर्षं १९२.१६८.४३.१ वर ठाण मांडून असायचा. अलीकडच्या आवृत्त्यांत तो पट्टा बदलता असतो आणि फोन ज्या नेटवर्कवर आहे त्याच्याशी आदळणार नाही असं बघून घेतला जातो. आयफोनचा हॉटस्पॉट अजून १७२.२०.१० वरच असतो, पण सोळाच पत्त्यांचा चिमुकला तुकडा घेतो. तेही एक शहाणपण: गरज सोळाची असेल तर पासष्ट हजारांची जमीन कुंपण घालून बसू नये. डॉकरने एकेका छोट्या नेटवर्कला /१६ देणं हा निव्वळ जमीनदारी थाट आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच. व्हीएमचं नेटवर्क उभारणाऱ्या प्रत्येक साधनाने पट्टा स्वतः निवडावा, चिठ्ठी टाकून निवडावा, एकदाच निवडावा आणि लिहून ठेवावा. ती निवड साचा बनवताना होऊ नये, मशीन आपल्या खऱ्या जागी पहिल्यांदा जागं होईल तेव्हा व्हावी, बाहेरचा पत्ता मिळाल्यानंतर. पुढे कधी टक्कर झालीच तर गप्प बसून पॅकेटं गिळू नयेत, तोंड उघडून सांगावं: माझा पट्टा आणि तुझ्या नव्या वायफायचा पट्टा एकच आहे, माझा बदलू का? आजही ही टक्कर बहुतेक वेळा लॉग फाइलच्या तळाशी एका ओळीत दडलेली असते. त्या वर्गातल्या मुलीला लॉग वाचायला मी अजून शिकवलंच नव्हतं. तो धडा तिसऱ्या आठवड्यात होता.

यावर जुन्याजाणत्यांचा एक ठरलेला आक्षेप येतो. पत्त्यांचं नियोजन माणसाने करावं, कागदावर आराखडा काढावा, यंत्रावर सोडणं म्हणजे आळस. डेटा सेंटर चालवणाऱ्याने काढावाच, त्याला त्याचा पगार मिळतो. पण आज व्हीएम चालवणारं बहुतेक माणूस नेटवर्क इंजिनिअर नसतं. ती सेकंड इयरची मुलगी असते, ट्यूटोरियल बघून एक बटण दाबणारी. तिला सबनेट हा शब्दही अजून भेटलेला नाही. तिने आराखडा काढावा ही अपेक्षा म्हणजे गॅस शेगडी घेणाऱ्याने आधी पाइपलाइनचा नकाशा मंजूर करून आणावा असं म्हणणं. आणि आराखडा काढणाऱ्या साहेबांनी तरी काय केलंय? दहापैकी किती ऑफिसांचं नेटवर्क १९२.१६८.१ नाहीतर १०.०.० ने सुरू होत नाही, ते मोजून बघा.

दुसरा आक्षेप मात्र मला खरंच अडवतो. आकडा यादृच्छिक झाला की शिकवणं कठीण होतं. आज फळ्यावर १९२.१६८.१२२ लिहिलं की बावीस जणांच्या पडद्यावर तेच दिसतं. उद्या प्रत्येकाचं वेगळं. नवशिक्याच्या दृष्टीने हे लहान दुःख नाही, तो फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतो आणि चुकतो. पण यावर इलाज आकडा एक ठेवणं हा नव्हे, नावाने हाक मारणं हा आहे. लिबव्हर्टबरोबरच एक छोटा जोड मिळतो, तो बसवला की होस्टवरून व्हीएमला त्याच्या नावाने बोलावता येतं, आकडा आठवावा लागत नाही. तो मुळातच चालू का नसतो, हे मला कळलेलं नाही.

आणि हो, काही व्हीपीएन इतके हावरे असतात की ते स्थानिक नेटवर्कच बंद करून टाकतात, सगळी वाहतूक आपल्याच बोगद्यातून नेतात. तिथे चिठ्ठी टाकूनही उपयोग नाही. तो रोग वेगळा.

ती संस्था मी नंतर सोडली. नऊ मशीनं मी त्याच शनिवारी दुरुस्त केली, एक ओळ बदलायची होती. फॉर्म मात्र शुक्रवारी संध्याकाळीच वर गेला होता. सोमवारी मी ऑफिसात जाऊन शेरा बदलायला सांगितला, तेव्हा कळलं की सिस्टिममध्ये एकदा भरलेला शेरा बदलता येत नाही, फक्त पुढच्या आठवड्यात नवा लिहिता येतो. वर्गात तिची माफी मागितली. तिने विचारलं, "सर, म्हणजे तेव्हा नक्की काय चुकलं होतं?" मी फळ्यावर दोन चौकोन काढले, एकात एक, आणि दोन्हींवर तोच आकडा लिहिला. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "पण मग आतल्यानं दुसरा का नाही घेतला?"